आतुमोआची त्रेसष्ट नावं

सोमवारी सकाळी साडेनऊला राजानंद हिवराळेनं ऑफिसात येऊन कॉफीचा कप टेबलावर ठेवला, लॅपटॉप उघडला, आणि पहिलाच मेल दोनदा वाचला.

मेल फेनुआराईहून आला होता. फेनुआराई म्हणजे पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश. संसदेच्या जागा पंधरा. त्यातली पंधरावी जागा आतुमोआची, म्हणजे राजधानीपासून बोटीनं दोन दिवसांवरची तीन चिमुकली बेटं, आठशे चौदा मतदार आणि त्यांचा एकच खासदार. आपल्याकडे नगरपालिकेच्या एका वॉर्डात याहून जास्त माणसं भरतात. पण त्या लोकांसाठी राजधानीत भांडणारा तोच एक. बोट महिन्यातून एकदा यायची की दोनदा, दवाखान्यात नर्स बसणार की दाराला कुलूप, शाळेचं छप्पर या वर्षी होणार की पुढच्या, सगळं त्या एका माणसाच्या तोंडावर. चुकीचा माणूस गेला की पाच वर्षं बोंबलत बसा.

आता अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर बसणाऱ्या राजानंदचा या बेटांशी संबंध काय? तर त्याची कंपनी मतदारयाद्या साफ करायची. यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर सॉफ्टवेअर त्याला शोधणार आणि एक नाव उडवणार. फेनुआराईच्या निवडणूक आयोगानं हे काम या कंपनीला दिलं होतं, आणि दोन नावं एकाच माणसाची आहेत हे ठरवायचा नियम राजानंदनं लिहिला होता. स्वतःच्या हातानं.

मेल लिहिणारीचं नाव सेलिना तौफा. वय अडुसष्ट. आतुमोआच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण होती. तिनं लिहिलं होतं, की दोन आठवड्यांपूर्वी मतदानाच्या दिवशी मी रांगेत उभी राहिले, आणि ज्या पोराला मी अक्षरं शिकवली त्याच पोरानं यादी बघून मला सांगितलं, बाई, तुमचं नाव नाही. माझं नाव दुसऱ्या एका सेलिना तौफाशी जुळतं म्हणून काढलं आहे. ती दुसरी सेलिना माझी चुलत बहीण. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ती यादीत आहे, मी नाही. असे आम्ही त्रेसष्ट जण आहोत. आमची जागा नऊ मतांनी ठरली. आयोग म्हणतो, यादी नेदरलँड्सच्या तज्ज्ञांनी तपासली आहे, तिच्यात चूक होत नाही. पुरावा म्हणून त्यांनी तुमचा एक कागद शाळेच्या भिंतीवर लावला आहे. त्यावर तुमचं नाव आहे. कोर्टात अर्ज करायची शेवटची तारीख हा शुक्रवार, दुपारी चार. पुरावा अर्जासोबतच लागतो, मागाहून घेत नाहीत. आमची नावं माणसानं तपासून काढली की नुसत्या नियमानं गेली, एवढंच तुम्ही एका पत्रात लिहून द्याल का?

खाली त्या कागदाचा फोटो होता. भिंतीवर चार टाचण्या मारून लावलेला. 'गृहीतक क्रमांक अकरा. जन्मतारीख विश्वासार्ह मानली आहे. तयार करणार: राजानंद हिवराळे.'

राजानंदनं लॅपटॉपचं झाकण अर्ध्यावर आणलं. शेजारच्याला दिसू नये म्हणून.

यात याचा काय दोष, असं कुणीही म्हणेल. ऑफिसात कळलं असतं तर सगळे तेच म्हणाले असते. नियम आयोगानं मंजूर केला होता. नाव, गाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळलं की माणूस एकच समजायचा, आणि जुनी नोंद ठेवून नवी काढायची. बोटांचे ठसे घेणारी मशीनं त्या लांबच्या बेटांपर्यंत पोचलीच नव्हती. मग आणखी कशावरून ठरवणार? सगळं रीतसर. फक्त एक भानगड होती. राजानंदला हे आधीपासून माहीत होतं.

एप्रिलमध्ये नमुन्याची यादी आली तेव्हा त्यानं ती उघडून बघितली होती, आणि आतुमोआच्या पानावर त्याला हसू फुटलं होतं. एकशे एकेचाळीस माणसांची जन्मतारीख एकच, चोवीस जून. त्यानं आयोगातल्या एका कारकुनाला सहज विचारलं, तर तो म्हणाला, पूर्वी पाद्री वर्षातून एकदाच बोटीनं तिकडे जायचा, सेंट जॉनच्या सणाला. वर्षभरात जन्मलेल्या पोरांचा बाप्तिस्मा त्याच दिवशी. चर्चच्या वहीत तीच तारीख चढली, आणि वहीतली तारीख पुढे सरकारात गेली. नावं म्हणाल तर आजीचं नातीला, मावशीचं भाचीला. एका गावात चार-चार सेलिना, त्यातल्या काही एकाच वर्षाच्या.

दुसरा कुणी असता तर त्याला हे कळायला वेळ लागला असता. राजानंदला क्षणही लागला नाही. त्याची स्वतःची जन्मतारीख एक जून. हिंगोली जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेत त्याच्या वर्गातल्या बावीस पोरांची एक जून. आईबापाला तारीख ठाऊक नसली की हेडमास्तर जूनची एक तारीख टाकून मोकळे व्हायचे, म्हणजे शाळा सुरू होताना पोराला बरोब्बर सहा वर्षं पूर्ण. कागदावरची जन्मतारीख ही जन्माची तारीख नसते हे त्याला दुधाच्या दातांपासून माहीत. त्या दिवशी लंचला त्यानं टेबलावर हा किस्सा रंगवून सांगितला होता. 'आमचे हेडमास्तर तिकडेही पोचलेत,' असं म्हणाला होता. डच पोरं हसली, मॅनेजर प्रताप हसला, तोही हसला.

आणि त्याच संध्याकाळी प्रतापनं त्याला गृहीतकांचा तक्ता भरायला सांगितला. जन्मतारखेच्या रकान्यापाशी राजानंद थांबला. 'यात चोवीस जूनचं लिहू का?' त्यानं विचारलं होतं. प्रताप म्हणाला, 'लिहिलंस तर क्लायंट परत डेटा गोळा करायला लागेल. म्हणजे निवडणूक पुढे, आपल्या सॉफ्टवेअरचं गो-लाइव्ह पुढे. तू विश्वासार्ह मानली आहे असं टाक. गृहीतक आहे, शपथ थोडीच आहे.' राजानंदनं टाकलं. एक ओळ. टाइप करायला दहा सेकंद लागली असतील.

दुपारी तो प्रतापकडे गेला. प्रताप पुण्याचा, इथं बारा वर्षं, टीमचा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. राजानंदला घर मिळेपर्यंत दीड महिना त्यानं त्याला स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. त्यानं मेल वाचला आणि खुर्चीत मागे रेलला.

'हे बघ राजा, आपला क्लायंट कमिशन आहे. ही बाई नाही.'

'पण आपल्याला माहीत होतं, प्रताप.'

'कुणाला माहीत होतं? डॉक्युमेंटमध्ये कुठं आहे?'

डॉक्युमेंटमध्ये कुठंच नव्हतं. डॉक्युमेंटमध्ये उलटं होतं, आणि त्याखाली राजानंदचं नाव होतं.

'मेल लीगलला फॉरवर्ड कर, ते उत्तर देतील,' प्रताप म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, 'मला तुझं काय आवडतं सांगू? तू उगाच इश्यू करत नाहीस. काही लोकांना प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो. तू तसला नाहीस.'

तसला. राजानंदला त्या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्याच आठवड्यात, तुझी रँक किती, असं चारचौघांत विचारलं गेलं, तेव्हापासून तसला न दिसण्यासाठी तो जिवाचं रान करत आला होता. तक्रार करायची नाही. हसून घ्यायचं. दुसऱ्यांच्या दीडपट काम करायचं आणि वर थँक्यू म्हणायचं. पंधरा वर्षांत इतकं अंगवळणी पडलं होतं, की आता त्याला तो स्वतःचा स्वभावच वाटायचा. त्यानं मेल लीगलला पाठवला. लीगलनं तासाभरात सेलिनाबाईंना दोन ओळी लिहिल्या: आपल्या देशाच्या आयोगाशी संपर्क साधावा. हात झटकून मोकळे.

संध्याकाळी रायस्वाइकच्या घरी जेवताना त्यानं हे सांगितलं. सांगायला नको होतं, असं त्याला पुढे वाटलं. पण आई आलेली होती, आणि आईसमोर त्याच्या पोटात काही राहत नसे. आई, कांताबाई, दिवाळीनंतर तीन महिन्यांसाठी आली होती. शाळेत खिचडी शिजवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. थंडीला ती पक्की वैतागली होती आणि सुनेचे दोन-दोन स्वेटर एकावर एक घालून बसायची.

'म्हंजे जित्या बाईला मेलेली समजले अन् मेलेलीला जिती?' तिनं विचारलं.

'तसंच झालं.'

'अन् तुला ठावं व्हतं?'

राजानंद भाताशी खेळत राहिला. त्याची बायको समता डेल्फ्टला पाण्यावर संशोधन करायची. ती त्याच्याकडे बघत राहिली.

कांताबाई म्हणाली, 'मला बी एकदा असंच म्हनले व्हते. बाई, तुमचं मत झालंय. म्या म्हनलं, कोन करून गेलं? बोटाला शाई कुठंय माझ्या? तू चौथीत व्हतास. मी तितंच दारात बसले. अकरा वाजल्यापासून. पोलिसानं उठीवलं, उठले नाही. पाच वाजता सायबानं येगळा कागद देला, पाकिटात घालून. मोजत नसतेत तो कागद, हे मला मागून कळलं. पर देला.'

'आई, इथं प्रश्न नोकरीचा आहे. करार आहे. बाहेर काही लिहून द्यायचं नाही अशी सही केलीय मी.'

'मग काढतील का तुला?'

'काढू शकतात. मग इथं राहायचं परमिट जातं. तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर चला परत.'

तेव्हा समता बोलली. 'माझं परमिट वेगळं आहे, राजानंद. माझ्यावर तू राहू शकतोस. आपण रस्त्यावर येणार नाही. परमिटचं कारण नको सांगूस.'

बरोबरच होतं तिचं. लपायला ती एक जागा होती, तीही गेली. त्याला राग आला, खोटं कशाला बोला. पण आई त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे तो चौथीतलाच होता. त्यानं तिथंच फोन काढला आणि स्वतःच्या खासगी मेलवरून सेलिना तौफाला लिहिलं: तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला हवं ते मी शुक्रवारच्या आत लिहून देतो.

कांताबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

बुधवारी सकाळी तो ट्रेनमध्ये असताना सेलिनाबाईंचा फोन आला. नंबर त्यानंच दिला होता. आवाज शांत, इंग्रजी जुन्या शाळामास्तरणीचं, एकेक शब्द सुटा. त्यांनी आधी त्याच्या आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, 'मी कुणाला मत देणार होते ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका. जो निवडून आला तो माझाच विद्यार्थी आहे, आणि जो पडला तोही.'

'नाही विचारत,' राजानंद म्हणाला.

'गावात लोक काय म्हणतात ठाऊक आहे? सरकार उगाच कशाला नाव काढेल, बाईंनीच काही लबाडी केली असेल. दोनदा पेन्शन घेतली असेल. माझा नातू मागच्या आठवड्यात शाळेत यावरून मारामारी करून आला. वकील म्हणतो, तुमचं पत्र असलं तर कोर्ट ऐकेल. नसलं तर त्रेसष्ट म्हातारे विरुद्ध नेदरलँड्स. तो मुख्य बेटावर आहे, छापून लगेच जोडेल. मीही इथं आलेय, मुलीकडे. शुक्रवारी दुपारी कोर्टाच्या खिडकीपाशी बसणार आहे.'

'मी पाठवतो. नक्की पाठवतो.'

'देव तुमचं भलं करो,' त्या म्हणाल्या, आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून फोन लगेच ठेवला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं पत्र लिहिलं. आणि काय सांगू, चांगलं लिहिलं. एकही आडपडदा नाही. एप्रिलची नमुना यादी, चोवीस जूनची एकशे एकेचाळीस माणसं, पाद्री आणि बोट, कारकुनाचं उत्तर, सगळं. 'ही त्रेसष्ट नावं कुणीही माणसानं तपासली नाहीत. ती नियमानं गेली. तो नियम या मतदारसंघाला लागू पडत नाही हे मला आधी माहीत होतं, आणि तरीही गृहीतक क्रमांक अकरा मी लिहिलं.' वाचताना त्याचेच डोळे भरून आले. कित्येक वर्षांत त्यानं इतकं सरळ काही लिहिलं नव्हतं. त्याला वाटलं, बास, आता पाठवू आणि मोकळे होऊ. बोट बटणावर होतं.

तेवढ्यात प्रतापनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. राजानंदनं खिडकी खाली केली, स्क्रीनवरची.

'उद्या तीन वाजता डायरेक्टरांकडे ये,' प्रताप म्हणाला. 'जानेवारीपासून तू टीम लीड. मीच नाव दिलंय. फॉर्मॅलिटी आहे, पण जरा इस्त्रीचा शर्ट घाल.'

आता इथं नीट लक्ष द्या, कारण पुढे जे झालं ते काही चुकून झालं नाही. फेनुआराईचं घड्याळ नेदरलँड्सच्या पुढे. उन्हाळ्यात दहा तास, आणि ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं मागे गेली की अकरा. हे टीममध्ये राजानंदइतकं कुणालाच पाठ नव्हतं. आठ महिने रोज सकाळी साडेआठच्या कॉलवर तो आयोगाच्या लोकांना 'गुड ईव्हिनिंग' म्हणत होता. घड्याळ बदललं तेव्हा सगळ्यांना आठवणीचा मेल त्यानंच टाकला होता. तिथला शुक्रवार दुपारचे चार म्हणजे इथला शुक्रवार पहाटेचे पाच. म्हणजे पाठवायचं तर आज. गुरुवारीच.

त्यानं हिशेब केला नाही. करायची गरजच नव्हती, तो डोक्यात तयार होता. त्यानं फक्त मनात म्हटलं, शुक्रवार ही शेवटची तारीख आहे. उद्या तीनची मीटिंग होऊ दे, मग पाठवतो. तारीख तर शुक्रवारचीच पडेल. आणि पत्र ड्राफ्टमध्ये ठेवलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, 'धाडलंस का रं पत्र?'

'लिहून तयार आहे. उद्या शेवटची तारीख आहे,' तो म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. समता त्या दिवशी प्रयोगशाळेत अडकली होती, ती आली तोवर तो झोपला होता. झोपही लागली त्याला, आणि चांगली लागली. हे मला अजून पचत नाही.

शुक्रवारी तीनची मीटिंग वीस मिनिटांत आटोपली. डायरेक्टरनं हात मिळवला, केक कापला गेला, डच पद्धतीप्रमाणे प्रत्येकानं प्रत्येकाचं अभिनंदन केलं. प्रतापनं मराठीत कानात म्हटलं, 'पार्टी दे आता.' चार वाजता राजानंद जागेवर आला, खासगी मेल उघडला, पत्र शेवटचं एकदा वाचलं, एक स्वल्पविराम सुधारला, आणि पाठवलं. वर तारीख आली, शुक्रवार. आतुमोआच्या लोकांसाठी शनिवार सुरू होऊन तीन तास झाले होते.

घरी पोचताच त्यानं आईला सांगितलं, 'पाठवलं.' कांताबाईनं दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग फोन घेऊन सोफ्यावर बसली आणि हिंगोलीच्या बहिणीला सांगू लागली. तिकडं समुद्रात एक गाव हाय, तिथल्या लोकांची मतं खाल्ली व्हती, आपल्या राजूनं सोताच्या नोकरीवर पानी सोडून साक्ष देली. मग दुसरा फोन लावला, आणि मग तिसरा. प्रत्येक फोनला राजू थोडा थोडा मोठा होत गेला. राजानंद स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लास धरून उभा राहिला.

समता आत आली. तिनं दार लोटून घेतलं.

'कितीला पाठवलंस?'

'चारला.'

'आज?'

'हो.'

ती पाण्यावर काम करणारी बाई, अशा बेटांवरच्या लोकांशी तिचे कॉल चालत, तिला तिथल्या वेळा तोंडपाठ. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

'विसरलास?'

इथं एक शब्द पुरला असता. हो. तिनंच तो त्याच्या तोंडापाशी आणून ठेवला होता.

'नाही,' राजानंद म्हणाला.

समता ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर कांताबाई चौथ्या फोनवर हसत होती. 'पाठवलंच नसतंस तर बरं होतं,' समता म्हणाली. 'मग निदान भित्रा म्हटलं असतं तुला. याला काय म्हणायचं?'

'मी सगळं खरं लिहिलंय त्यात.'

'हो ना. खरं लिहिलंस आणि त्याचा उपयोग होणार नाही याची काळजीपण घेतलीस.' तिचा आवाज चढला नव्हता. 'आईंना सांगणार आहेस?'

'नको.'

'मी पण नाही सांगत,' ती म्हणाली. 'तुझ्यासाठी नाही. त्यांच्यासाठी.' आणि ती बाहेर जाऊन कांताबाईच्या शेजारी बसली.

शनिवार-रविवार उत्तर आलं नाही. राजानंद शनिवारी सकाळपासून फोन पालथा घालून ठेवत होता आणि दर दहा मिनिटांनी उचलत होता. समता त्याच्याशी कामापुरतं बोलत होती: कचऱ्याचा डबा बाहेर ठेव, अंडी आण. रविवारी त्यांच्याकडे दोन कुटुंबं जेवायला आली, तेव्हा आईनं पुन्हा सगळी गोष्ट सांगितली. पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. एकजण म्हणाला, हिंमत लागते भाऊ. राजानंद म्हणाला, त्यात काय एवढं. समता उठून वाट्या गोळा करायला लागली.

सोमवारी सकाळी ट्रेनमध्ये उत्तर आलं.

'प्रिय श्री. हिवराळे,' सेलिनाबाईंनी लिहिलं होतं, 'तुमचं पत्र शनिवारी सकाळी उठल्यावर मिळालं. शुक्रवारी आम्ही अकराजण कोर्टाच्या खिडकीपाशी बसलो होतो. मी खिडकीतल्या माणसाला विनंती केली, माझा एक मित्र परदेशातून पत्र पाठवणार आहे. त्यानं पाचपर्यंत खिडकी उघडी ठेवली. तो चांगला मुलगा आहे, त्याला नियम मोडून तसं करावं लागलं. पत्राशिवाय वकिलानं अर्ज दाखल केला नाही. खर्च बुडाला असता, म्हणाला. आता पाच वर्षांनी बघू. मी तोवर असेन की नाही, माहीत नाही.

'पण मी तुमचं पत्र रविवारी इथल्या चर्चमध्ये वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं. आतुमोआलाही पाठवते आहे, भिंतीवर तुमच्या त्या जुन्या कागदाशेजारी लावायला. आता मला कुणी लबाड म्हणणार नाही. एवढं खरं स्वतःविरुद्ध कुणी लिहून देत नाही. काहीजण चिडून म्हणाले, त्यानं मुद्दामच उशिरा पाठवलं. मी त्यांना ओरडले. मी म्हटलं, इतकं लिहिणारा माणूस असं कसं करेल? त्याला आपली वेळ ठाऊक नसणार. इतक्या लांबून कुणाला कळतं, आपल्याकडे दिवस कधी उगवतो ते. बरोबर ना? तुम्ही एक ओळ लिहून कळवलंत तर मी त्यांना दाखवेन.'

राजानंदनं मेल तीनदा वाचला. डबा भरलेला होता, समोरची मुलगी पाय आखडून पुस्तक वाचत होती. त्याला वाटलं, आता लिहावं. तुमचे लोक बरोबर बोलताहेत, असं लिहावं. एक ओळच तर आहे.

त्यानं टाइप केलं, 'तुमचं बरोबर आहे. वेळेतला फरक माझ्या लक्षात आला नाही. क्षमा करा.'

मग वर कोपऱ्यात बघितलं. साडेआठ वाजत होते. म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात, बाई अजून जाग्या असतील. त्यानं लगेच पाठवून दिलं.